दातानं ऐकलेलं इंजिन

सुपेला, भिलाई
८ फेब्रुवारी १९५९

ती. केवलदादास,
टिकारामचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सारे बरे आहोत. या आठवड्यात कारखान्याची पहिली भट्टी चालू झाली. कॅम्पातून बायामाणसं, लेकरं, सारे पाहाले गेले होते. शालूले खांद्यावर बसवलं तरी तिले दिसलं काहीच नाही. तरी घरी येऊन आपल्या मायले सांगत होती का आग दिसली म्हणून.

पत्राचं कारण आपली पिकअप. कामठीच्या मिलिटरी लिलावातून आपण दोघांनी आणली, तुम्ही भंडाऱ्याले इंजिन उतरवून नव्या रिंगा, नवं बेअरिंग टाकून बांधून दिली, ती गाडी आता ओढून नाही राहिली. मी खदानीतले बोथट झालेले सब्बल, पहारी सुपेल्याच्या लोहाराकडे आणतो, धार लावून परत नेतो, येताजाता मजूर बसवतो. खदानीचा चढ लागला का गाडी मरगळते. वर पोहोचेपर्यंत रेडिएटर उकळते. मग बॉनेट उघडून उभं राहा. मजूर उतरून पायी चालू लागतात.

ठेकेदार म्हणून राहिला का असंच चाललं तर पावसाळ्याच्या आधी दुसऱ्याची गाडी लावतो. दादा, गाडीची ताकद वाढेल अन् इंजिन आणखी चार वर्षं टिकेल असं काही सांगा. रुक्मावैनीले जयभीम.

तुमचा,
टिकाराम

•

भंडारा
१७ फेब्रुवारी १९५९

चि. टिकारामास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. ताकद वाढवाची दवाई कोणत्याच दुकानात भेटत नाही. इंजिनात जेवढी ताकद आहे तेवढी मी टाकून दिली आहे. ती कुठं वाया चालली ते पाहा.

पहिलं काम एअर क्लीनरचं. तुमच्या तिकडे लाल मुरमाची धूळ, त्यात सिमेंटची. क्लीनर खोलून रॉकेलनं धू, खालच्या वाटीतलं तेल बदल. तेल चिखलासारखं निघालं तर समज का गाडी नाक दाबून धावून राहिली होती. इकडे महिन्यानं केलं तरी चालते, तिकडे आठवड्यानं करत जाजो. रेडिएटरमध्ये धुण्याचा सोडा टाकून पाणी तापव अन् खालून सोडून दे. फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून पाहा. चारही प्लग काढून त्यांचा रंग कळव.

आता खरी गोष्ट. चढावर ओढताना आवाज कसा येते? बारीक किट-किट येते, का खालून जाड ठक-ठक? किट-किट असेल तर टायमिंग पुढं सरकलं असेल, नाहीतर तू टॉप गिअरमध्ये कोंबून राहिला असशील. ठक-ठक असेल तर बेअरिंग समज अन् गाडी जागच्या जागी उभी कर. आवाज नीट ऐकून लिहजो. त्याच्याबिगर मी इथं बसून काहीच सांगू शकत नाही.

शालूले गोड पापा. तुझी वैनी विचारते, लेकराचे कान फुटले असते, भट्टीच्या गर्दीत तिले कावून नेलं?

केवलराम

•

सुपेला
२ मार्च १९५९

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तुम्ही सांगितलं तसं सारं केलं. क्लीनरमधून खरंच चिखल निघाला. रेडिएटरमधून तर हळदीच्या पाण्यावाणी पाणी आलं. बेल्ट ढिला होता, कसला. तीन प्लग काळे, एक पांढरट. धूर निळसर नाही, काळपट आहे.

दोन-तीन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. काल चढावर गाडी बंद पडली अन् मांगून येणाऱ्या डंपरवाल्यानं लय शिव्या दिल्या, असं मजूर म्हणतात.

आवाज जसा असते तसाच आहे. दुसरा काही उपाय असेल तर सांगा.

टिकाराम

•

भंडारा
१० मार्च १९५९

टिकाराम,

"आवाज जसा असते तसाच आहे" हे उत्तर झालं का? मी तुले एकच गोष्ट जोर देऊन विचारली अन् तीच तू उडवून लावली. वर्कशॉपातल्या नव्या पोऱ्यानं असं सांगितलं असतं तर मी त्याले घरी पाठवलं असतं.

मले सारं समजून राहिलं. तू दुप्पट माल भरून राहिला. खालचा, दुसरा गिअर टाकाचा तुले कंटाळा. चढ असो का काही असो, टॉपमध्ये रेटत नेतो. इंजिन बोंबलते अन् तू ऐकत नाही. मिलिटरीत असताना मी पाहिलं आहे, गाडी शत्रूच्या गोळीनं मरत नाही तेवढी अशा ड्रायव्हरनं मरते.

हे इंजिन मी सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपाच्या मांगं बसून बांधलं. एक एक नट हातानं कसला. तुले त्याची कदर नसेल तर विकून टाक. जो ऐकेल त्याच्याकडे तरी जाईल.

केवलराम

•

सुपेला
१९ एप्रिल १९५९

सौ. जाऊबाई रुक्माबाईंस,
नलूचा जयभीम.

बाई, हे पत्र तुमच्या नावानं आहे. तुम्हाले वाचता येत नाही, म्हणजे तुमचे मालक, माझे भासरेच, वाचून दाखवतील हे मले माहीत आहे. भासऱ्यांना सुनेनं पत्र लिहिणं शोभत नाही, म्हणून तुमच्या आडून लिहून राहिली. यांनी मले शपथ घातली होती. पण आता मी घाबरली आहे.

भासऱ्यांचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाही. मी विचारलं, काय लिहिलं? म्हणाले, दादा म्हणते का मी ऐकत नाही. अन् रडू लागले. बाई, लग्नापासून मी यायले रडताना पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी खदानीत सुरुंग वेळेच्या आधी फुटला. हे गाडीपाशीच उभे होते. अंगाले खरचटलंसुद्धा नाही, पण दोन्ही कानांतून रक्त आलं. दुर्गच्या डॉक्टरनं पाहिलं, म्हणाला कानाचे पडदे फाटले. डाव्यानं काहीच ऐकू येत नाही. उजव्यापाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं येते. तेव्हापासून हे घरात कोणाशी बोलत नाही. शेजारी म्हणतात, गाडीवाला झाला, आता माजला. चंपतभाऊ यांच्यासोबत गाडीवर असतात, मांगची फळी लावतात, माल उतरवतात. त्यायलेबी खरं सांगितलं नाही. त्यांना वाटते, थोडं कमी ऐकू येते.

भासऱ्यांनी आवाज विचारला. बाई, यायले आवाज ऐकूच येत नाही, तर सांगतील काय? मी म्हटलं, लिहून द्या ना खरं. तर म्हणाले, दादाले समजलं तर ते गाडी चालवू देणार नाही, मग खायचं काय?

ऊन लय आहे. शालूले घामोळ्या आल्या. मी लिहिलं हे यायले सांगू नका.

तुमची,
नलू

•

भंडारा
२७ एप्रिल १९५९

चि. टिकाराम, लेका,

शालूच्या मायवर रागावू नोको. तिनं लिहिलं म्हणून बरं झालं. मी मांगच्या पत्रात जे लिहिलं ते फाडून चुलीत टाक. तुझी वैनी पत्र ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कोणावर रागावली ते समजून घे.

दिवाळीत कान गेले अन् तेव्हापासूनच गाडी बिघडली असेल. आता मले सारं ध्यानात आलं. तू टॉपमध्ये रेटून राहिला कारण इंजिन कण्हते ते तुले समजत नाही. यात तुझा आळस नाही.

आता ऐकणं सोडून दे. हात लावून शिक. चढावर गिअरच्या दांडीवर मूठ आवळू नोको, दोन बोटं ठेव. इंजिन दमू लागलं का दांडी आधी थरथरते. थरथर जाणवली का लगेच खालचा गिअर, वाट पाहू नोको. ऑईलचा थेंब बोटांत चोळत जाजो. रेती लागली का बदल. प्लग दर आठवड्याले पाहा. काळा निघाला तर पेट्रोल जास्त, पांढरा निघाला तर इंजिन तापून राहिलं. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा रंग आला का समज, बरोबर आहे.

अन् एक गोष्ट करून पाहा. आमच्या मिलिटरी वर्कशॉपात तोफखान्यातून आलेला एक मिस्त्री होता, त्याचेही कान असेच गेले होते. लांब पेचकस घे, स्क्रू पिळाचा, लाकडी मुठीचा. टोक इंजिनच्या अंगावर टेकव अन् मूठ दातांत धर. दात घट्ट दाब. फॅनपासून जपून. पडदे फाटले असतील पण आतलं शाबूत असेल, तर हाडातून आवाज येईल. आला का नाही ते मले लवकर कळव. मी वाट पाहून राहिलो.

तुझा दादा,
केवलराम

•

सुपेला
२१ मे १९५९

ती. दादा,
सप्रेम जयभीम.

आला! दादा, आवाज आला!

तुमचं पत्र आलं त्याच सकाळी करून पाहिलं. चंपतले म्हटलं, गाडी चालू कर. टॅपेटच्या झाकणावर पेचकस टेकवला, मूठ दातांत धरली. आधी नुसती झिणझिण वाटली, दात आंबल्यासारखे. मग एकदम डोक्याच्या आत टक्-टक्, टक्-टक्. मी पेचकस सोडून दिला अन् मांगं पाहिलं, कोणी डोक्यात मारून तर नाही राहिलं? मग पुन्हा धरला. सहा-सात महिन्यांनी गाडी माझ्याशी बोलली. 

दोन टॅपेट ढिले होते. पत्ती घालून बसवले. मग पेचकस ब्लॉकवर धरून चंपतले ॲक्सिलेटर द्याले लावलं. तुम्ही म्हणत होते तीच किट-किट. टायमिंग पुढंच होतं. थोडं थोडं मांगं घेत गेलो, किट-किट गेली तिथं कसून टाकलं. खालचं ठक-ठक कुठंच नाही. तुमचं बेअरिंग शाबूत आहे दादा, काळजी करू नका.

आता चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढतो. दोन बोटांची गोष्ट खरी आहे. रेडिएटर या पंधरवड्यात एकदाही उकळला नाही. पेट्रोलही कमी लागून राहिलं. प्लग शेंगदाण्यावाणी. ठेकेदार स्वतः म्हणाला का टिकाराम, गाडी नवी केली का?

अजून एक सांगतो, हसू नका. रात्री शालू पाढे म्हणत होती. मी तिच्या कपाळाले कपाळ लावलं अन् म्हटलं, आता म्हण. दोन चोक आठ, दोन पंचे दहा, सारं आलं. आवाज बदलला आहे तिचा. आधी बोबडी होती.

तुमचा,
टिकाराम

•

सुपेला
९ जुलै १९५९

ती. दादास,

हे पत्र चार दिवसांपासून लिहून राहिलो अन् फाडून राहिलो.

मागच्या शनिवारी खदानीच्या तोंडाशी गाडी मांगं घेत होतो. पाऊस पडून गेला होता, चिखल होता. मांगं पाहिलं होतं, कोणी नव्हतं. मग चाक वळवाले समोर पाहिलं. तेवढ्यात सुकवारो नावाची एक रेजा, मजूर बाई, डोक्यावर गिट्टीचं घमेलं घेऊन मांगून चालली होती. ती ओरडली. सारे ओरडले. चंपतनं फळीवर हात आपटले, ते सीटमधून जाणवलं तेव्हा मी ब्रेक दाबला. ब्रेक जागच्या जागी लागला. पण तोवर चाक तिच्या पायावर गेलं होतं.

पाऊल मोडलं आहे. तिले उचलून मी त्याच गाडीत दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिचं तोंड उघडं होतं, ती रडत होती, अन् मले काहीच ऐकू येत नव्हतं. दादा, तसं मले कधीच वाटलं नव्हतं.

सारे म्हणून राहिले का चिखलात ब्रेक लागला नाही. ठेकेदारही तेच म्हणते, त्याच्याही डोक्याचा ताप जाते. चंपत मले म्हणते, भाऊ, चूप राहा, तेच बरं आहे. गाडी चालू आहे, इंजिन झकास चालून राहिलं. पण मी कालपासून किल्ली हातात घेतो अन् पुन्हा खिळ्याले लावून ठेवतो.

मी काय करू ते सांगा.

टिकाराम

•

भंडारा
१५ जुलै १९५९

चि. टिकाराम,

पत्र काल आलं. तुझ्या वैनीले वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईच्या पायाचं आधी विचारा. कसा आहे तिचा पाय? घरी कोण आहे तिच्या? कळव.

ब्रेक चांगले होते. ते तुले माहीत आहे अन् मलेबी. गाडीले तोंड नाही म्हणून तिच्यावर आळ टाकणं सोपं आहे. पण मले ब्रेकची इज्जत प्यारी म्हणून हे लिहून नाही राहिलो. उद्या तू पुन्हा गाडी मांगं घेशील, अन् मांगं पुन्हा कोणी असेल.

मी तुले इंजिन कसं जपायचं ते सांगत बसलो अन् खुश होत गेलो. रस्त्याचं विचारलंच नाही. इंजिन बोलते ते दातानं ऐकता येते. माणूस मांगून हाक मारते ते दातानं ऐकता येत नाही. लेका, स्टिअरिंगवरून उतर.

हे लिहिताना मले किती जड जाऊन राहिलं ते तुले समजेल. गाडी चालवणं तुले लहानपणापासून आवडते. बैलगाडीचा कासरा तू बाबाच्या हातून हिसकून घ्यायचा. पण तुझ्या हातात चाकाशिवाय दुसरं काहीच नाही असं समजू नोको. गाडी दोघांची आहे. माझ्या वाट्याचं मी काही मागत नाही. चंपत चालवू शकत असेल तर त्याले बसव. नाही तर मी सुट्टी टाकून येतो अन् त्याले शिकवतो.

त्या बाईले खरं सांग. ठेकेदाराले सांगाचं का नाही ते मग तुझं तुलेच समजेल.

तुझा दादा,
केवलराम

•

सुपेला
३० ऑगस्ट १९५९

ती. दादा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी नलूले सोबत घेऊन दवाखान्यात गेलो. सुकवारोचा पाय प्लास्टरमध्ये. नवरा रायपूरकडे रस्त्याच्या कामावर, इथं तिची सासू अन् दोन पोरं. ती माझ्याकडे पाहून काहीतरी बोलली. नलूनं माझ्या उजव्या कानापाशी येऊन सांगितलं, ती म्हणते, "मैं तो चिचियात रहेंव, तैं काबर नइ सुने?" मी ओरडत होती, तू ऐकलं कावून नाही?

मी म्हटलं, बाई, मले ऐकू येत नाही. दिवाळीपासून येत नाही. ब्रेकचं सारे खोटं सांगून राहिले.

मग तिनं तोंड मोठं करून, हळूहळू विचारलं. ते मले नलूनं न सांगता समजलं. "त बताय काबर नहीं?" तर मग सांगितलं कावून नाही?

मी म्हटलं, भेव वाटलं. तिनं माफ केलं का नाही ते मले समजलं नाही, अन् मी विचारलंही नाही. तिचा पाय बरा होईपर्यंत नलू रोज तिच्या घरी भाकर पोचवत होती. आता ती काठी घेऊन चालते. थोडी लंगडते. ते कायमचं राहील असं डॉक्टर म्हणाला.

ठेकेदाराले मी स्वतः सांगितलं. तो लय भडकला, म्हणाला पहिलेच सांगितलं असतं तर तुले कामावर ठेवलंच नसतं. मी म्हटलं, म्हणूनच सांगितलं नव्हतं. गाडी मात्र त्यानं काढली नाही. पावसात खदानीच्या चढावर न थांबता चढणारी दुसरी गाडी सध्या त्याच्यापाशी नाही.

चंपतचं लायसन झालं. पहिल्या दिवशी मी डाव्या बाजूले बसलो तेव्हा पाय आपोआप क्लच शोधत होता. चंपत नवखा आहे, पण मांगं घेताना तीनदा पाहते. मी उतरून मांगं उभा राहतो अन् हात दाखवतो.

दुपारी मी लोहाराच्या शेजारी पत्र्याखाली बसतो. पहिले एक ट्रकवाला आला, गंमत पाहाले, का हा बहिरा पेचकस चावून काय करते. त्याच्या गाडीचा वॉटर पंप आतून घासून राहिला होता, दुसऱ्याच दिवशी फुटला असता. आता तो दुसऱ्यांना पाठवते. बोर्ड नाही लावला. लोक म्हणतात, बहिऱ्या मिस्त्रीकडे जा. पहिले ऐकून वाईट वाटलं. आता नाही वाटत.

दसऱ्याले या. वैनीलेबी आणा.

तुमचा,
टिकाराम

(याच लिफाफ्यात)

जाऊबाईंस नलूचा जयभीम.

भासरे वाचतीलच, तरी लिहिते. आमच्या घरात आता लय गोंगाट असते. पहिले हे ऐकू आलं नाही तरी मान हलवायचे, अन् मी समजायची, माझं बोलणं यायले नको झालं. आता कोणापुढंही बिनधास्त म्हणतात, "काय म्हणली? फिरून सांग." दुकानात, नळावर, शेजारच्या सत्यशीलाबाईसमोर. मले आधी लाज वाटायची.

परवा यांनी काळ्या तेलाचे हात शालूच्या धुतलेल्या फ्रॉकले पुसले. मी भडकली, तोंडाले येईल ते बोलली. हे म्हणाले, फिरून सांग. मी पुन्हा बोलली, जोरात. तर कानाले हात लावून जवळ आले, म्हणाले, मधलं समजलं नाही, फिरून सांग. बाई, तोच राग तिसऱ्यांदा सांगता सांगता मले हसूच फुटलं. मग हेही हसले. अन् शालू विचारत होती, माय, तू काय म्हणली होती? मलेच आठवेना.

तुमची,
नलू